रकाना सतरा

ता. ३ फेब्रुवारी

ती. काका आणि ती. काकू यांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाचा. काका, तुमचा हात आधी पार्सलकडे जाणार हे ठाऊक आहे, म्हणून पाकीट वरच चिकटवलं आहे.

आमची दत्तकाची फाइल एकदाची पुरी झाली. एकोणीस महिने लागले. पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, माझ्या पाण्याच्या प्रयोगशाळेचं आणि ह्यांच्या चष्म्याच्या दुकानाचं पत्र, समाजसेविकेचा घरपाहणीचा अहवाल (बाईंनी न्हाणीघराच्या खिडकीची उंचीसुद्धा मोजली), आणि दोघांच्या तब्येतीचे दाखले, छातीच्या एक्स-रेसकट. सगळ्यावर नोटरीचा शिक्का झाला आहे. आता परराष्ट्र खात्याच्या खिडकीवर साक्षांकन करून घ्यायचं. ती खिडकी तुमच्याच शहरात, तुमच्या घरापासून तीन स्टॉपवर. तिथली मोहोर उमटली की मुलीच्या देशात आपले कागद खरे धरतात. तेवढं काम तुम्ही करा.

मुलीची फाइल तुम्हाला फोनवर सांगितली होती, पण तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जोडता. म्हणून पुन्हा लिहिते. ती चार वर्षांची आहे. दिवस भरण्याआधी जन्मली, अडीच वर्षांची होईपर्यंत चालत नव्हती, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. फोटोत डोक्यावर पातेलं घालून उभी आहे आणि फोटो काढणाऱ्यावर रागावलेली आहे. आम्ही दोघांनी सगळं वाचलं आणि हो म्हटलं.

३१ मार्चच्या आत फाइल तिकडे पोचली पाहिजे. नाही तर तिचं नाव परत यादीत जातं आणि दुसऱ्या कुटुंबाला दाखवतात. दाखले कोर्टाच्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. तारीख मेमध्ये आहे. म्हणून काका, घाई करा, पण सावकाश करा.

काकूंचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त लागणार आहे.

तुमची
भिंगरी


ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
काकांचे अनेक आशीर्वाद. काकूचेही, पण ती माझ्याशी बोलत नसल्याने वेगळे समज.

पोरी, आधी पाण्याचा ग्लास जवळ घे. माझ्या हातून गाढवपणा झाला आहे.

तुझे कागद मी उघडले. बहात्तर पानं. त्यांच्या कोपऱ्यातून लाल फीत ओवलेली, तीही वाकडी, वर लाखेचा ठिपका आणि पानं पंख्यासारखी पसरलेली. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली मी. असं गबाळं काम परक्या देशातल्या न्यायाधीशापुढे जाणार आणि आपल्या भिंगरीची अब्रू जाणार, हे काही बघवेना. फीत कापली. पानं ठोकून सरळ केली, जुजबंदीची शिलाई घातली, निळा कापडी पुठ्ठा चढवला, पाठीवर सोनेरी रेघ मारली. काकूने विचारलं की हे सांगितलं होतं का कोणी. मी म्हटलं, चांगलं काम सांगावं लागत नाही.

खिडकीवरच्या बाईंनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, हा लग्नाचा अल्बम आहे का. मग समजावून सांगितलं. ती वाकडी फीत आणि लाख म्हणजेच पुरावा, की मधलं पान कोणी बदललं नाही. फीत कापली की सगळे कागद बाद. नोटरी पुन्हा, आणि तब्येतीचे दाखले तर डॉक्टरांकडून नव्याने, कारण त्यांना त्यांच्या रिपोर्टांसकट मोहोर होती. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या काम सुंदर आहे. त्या वाक्याने मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा झाला माझा गुन्हा. आता दुसरं.

चौथीत शाळा सुटल्यावर माझी पुढची शाळा बांधायला आलेल्या छापील फर्म्यांवरच झाली. पान वाचल्याशिवाय शिवायचं नाही, ही सवय. तुझ्या दाखल्यातला रकाना सतरा मी वाचला. पूर्वी कधी फिट, आकडी किंवा दीर्घ आजार. पुढे तुझ्या डॉक्टरांच्या अक्षरात: नाही.

भिंगरी, नवव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंतच्या आकड्या मी पाहिल्या आहेत. शेवटची माझ्या कारखान्याच्या जिन्यात आली. चामड्याचा एप्रन घडी करून तुझ्या डोक्याखाली घालणारा मीच होतो. वहिनींनी, तुझ्या आईने, आम्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं, पोरीचं लग्न अडेल म्हणून. ते कुलूप मी आजवर उघडलं नाही. पण त्या पोरीचा कान अधू आहे हे तिकडच्या लोकांनी लपवलं नाही. लपवलं असतं तर कदाचित तिला लवकर घर मिळालं असतं. त्यांनी खरं लिहून तुझ्यापुढे ठेवलं.

दाखला आता नव्याने करायचाच आहे. विचार कर.

तुझा अपराधी
काका


ता. १७ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फितीबद्दल मी तुम्हाला काहीच बोलणार नाही. बोलायला लागले तर थांबणार नाही.

पण तुमची सुई फाइलीत गेली तेवढी पुरे होती, ती माझ्या आयुष्यात कशाला घातलीत? बावीस वर्षं झाली, काका. अठरा वर्षं गोळी नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ठरवून खोटं बोलले असंही नाही. जीभच "नाही" म्हणाली. आईने इतकी घोटवून घेतली होती की मला आता त्या शब्दाची चव लागत नाही.

आणि ह्यांना माहीत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, माहीत नाही. आता काय सांगू, आणि कुठून सुरू करू? रकाना सतरामध्ये "होय" आलं की तिकडचा कोणीतरी अधिकारी म्हणेल, अशा बाईच्या हाती लहान मूल कसं द्यायचं. आणि ती पातेलंवाली दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाईल. तुम्हाला खरं बोलल्याचं समाधान मिळेल. मला काय मिळेल?

काकूंना नमस्कार. त्या तुमच्याशी बोलत नाहीत ते योग्यच आहे.

भिंगरी


ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. डोक्यावर घेतला.

फाइल तुझी आहे. रकान्यात "नाही" लिहून पाठवलीस तरी मी ती खिडकीवर नेईन, रांगेत उभा राहीन, आणि तोंड उघडणार नाही. जावईबापूंनाही माझ्याकडून अक्षर कळणार नाही. एवढं वचन घे.

फक्त एक आठवण करून देतो. तीन वर्षांपूर्वी तुझ्या परीक्षानळीत पाणी खराब निघालं. साहेब म्हणत होते, आठवडा जाऊ दे, आकडा थोडाच वर आहे, कोणाला कळणार आहे. तू सही केली नाहीस. दोन दिवस गावाला टँकरने पाणी आलं आणि लोकांनी तुझ्या नावाने बोटं मोडली. मी मात्र इकडे प्रत्येकाला थांबवून सांगत होतो की ती पोरगी आमची. न्हाव्याला सांगितलं, दाढी अर्धी ठेवून.

बाकी तू शहाणी आहेस. मी बाइंडर आहे, आणि तोही फार हुशार नव्हे, हे सिद्ध झालंच आहे.

काका


ता. ८ मार्च

ती. काकांस,
जावयाचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र ती लिहिणार होती, पण ती म्हणाली तुमची बाजू तुम्हीच मांडा. म्हणून मांडतो.

तिने मला सगळं सांगितलं. रविवारी सकाळी, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून. मी दोन दिवस रागात होतो. दुकानात एका गृहस्थांचं उजवं भिंग डावीकडे बसवलं. आजारपणाचा राग नव्हता, काका. बारा वर्षं मी माझ्या पित्ताचा रोजचा अहवाल या बाईला देत आलो, शिंक आली तरी कळवली, आणि तिने एवढं ओझं एकटीने उचललं. तिसऱ्या दिवशी मी तेच तिला म्हणालो, तर ती हसली आणि मग खूप रडली. पित्ताचं आठवून हसली असावी.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, डोक्याला तारा लावून आलेख काढला. तो स्वच्छ आहे. त्यांनी दोन पानी दाखला दिला: बावीस वर्षं झटका नाही, अठरा वर्षं औषध नाही, मुलाचा सांभाळ करण्यास सक्षम. समाजसेविका पुन्हा आल्या आणि पुरवणी अहवाल लिहिला. घरात आकडी आली तर काय करायचं ते मला येतं का, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. मी जमिनीवर आडव्या पडलेल्या उशीला कुशीवर वळवलं. रकाना सतरामध्ये आता साडेचार ओळी आहेत. तिने डॉक्टरांना त्या एकेक करून सांगितल्या, मी शेजारी बसलो होतो. मला तिचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

पार्सल सोबत आहे. फीत वाकडी आहे, लाख सांडलेली आहे. आपल्या दाभणाला कृपया सुट्टी द्यावी.

आपला
जावई


ता. २८ मार्च

चि. भिंगरी व जावईबापू यांस,
उभयतांना आशीर्वाद. काकूचेही, आता एकत्रच.

पार्सल मी उघडलंसुद्धा नाही. काकू बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसली आणि मला पलीकडच्या बाकावर बसवलं. खिडकीवरच्या बाईंनी आधी माझे हात बघितले, मग फीत बघितली, आणि मोहोर मारली. तिथूनच फाइल तिकडे रवाना केली.

काल तिकडून पोच आली, मुदतीला चार दिवस राखून. तिची प्रत तुमच्याकडेही आली असेल. खालची ओळ तुम्हीही वाचली असेल, की रकाना सतराबद्दल न्यायाधीश आईला समक्ष विचारतील. काकूने मला चार वेळा विचारलं, नाही म्हणाले तर? मी तिच्या गुडघ्याला तेल चोळत बसलो.

तुम्ही निघाल तेव्हा गरम कपडे न्या. भिंगरी, बोलताना खाली बघू नकोस.

काका


ता. २१ मे

ती. काका व ती. काकू यांस,
परदेशातल्या एका खानावळीच्या टेबलावरून सा. न. वि. वि.

टेबल हलतं आहे म्हणून अक्षर वाईट. बाकी सगळं ठीक आहे, वाचत राहा.

कोर्ट म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली. न्यायाधीश बाई, तुमच्या वयाच्या, खुर्चीच्या पाठीला लोकरीचा स्वेटर लावलेला. बाजूला दुभाषी. मुलगी तिला सांभाळणाऱ्या ताईंजवळ बसली होती आणि चपलेचा बंद सोडायचा, लावायचा, हाच कार्यक्रम चालू होता. बाईंनी फाइल चाळली. घराचं विचारलं, कामाचं विचारलं, ह्यांना पगाराचं विचारलं. मग ते पान काढलं.

त्यांनी विचारलं, हा आजार परत आला आणि घरात फक्त तुम्ही आणि ही मुलगी असाल, तर ती काय करेल?

काका, ह्याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. हे उठायला लागले. मी त्यांना हाताने बसवलं. म्हटलं, ती मला कुशीवर वळवेल, तोंडात काही घालणार नाही, आणि शेजारचं दार वाजवेल. हे तिला मी घरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवेन, जसं चूल गरम असते हे शिकवतात तसं. माझ्या घरात मला हे कोणाला सांगायची बंदी होती. तिच्या घरात असणार नाही.

दुभाष्याचं बोलून झाल्यावर बाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, आणि हे मी शब्दाला शब्द लिहिते: "अठरा वर्षं मी या फाइली वाचते आहे. या रकान्यात जगातले सगळे आईबाप निरोगी असतात. तुमचं पान वाचल्यावर बाकीच्या सगळ्या पानांवर माझा विश्वास बसला."

आणि सही केली. पंधरा मिनिटांत झालं. ताईंनी मुलीला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तिने आमच्याकडे बराच वेळ बघितलं, आली, आणि ह्यांच्या हातात चप्पल दिली. बंद लावून द्या म्हणून. चष्म्याच्या बारीक स्क्रूंवर जन्म घालवलेल्या माणसाला तो बंद तीनदा लावावा लागला.

काका, मी खाली बघितलं नाही. आवाज कापला नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. तुमच्यावर रागावले होते, तो राग इथे सोडून येते आहे, सामानात जागा नाही.

काकूंना घट्ट मिठी.

तुमची
भिंगरी


ता. ९ जून

चि. भिंगरीस, जावईबापूंस आणि नव्या बाईसाहेबांस,
म्हाताऱ्याचे पोतंभर आशीर्वाद.

पत्र मी काकूला वाचून दाखवलं. न्यायाधीशबाईंच्या वाक्यावर आलो आणि चष्म्यावर वाफ धरली, तर पुढचं तिने वाचलं. मग तिने पत्र पदराला बांधलं आणि शेजारणीकडे गेली, परत आली ती संध्याकाळी. मी न्हाव्याकडे गेलो. दाढी आदल्याच दिवशी झाली होती, तरी बसलो. त्याने काही न विचारता साबण लावला. बाप माणूस आहे.

तुमच्या समाजसेविकेचा कागद काल आला. पुढची काही वर्षं दर सहा महिन्यांनी मुलीचा अहवाल तिकडे जाणार, म्हणून त्यांना जवळच्या नातलगांची माहिती हवी आहे. एकेक पान आम्हा दोघांना. काकूने तिचं झटक्यात भरलं. मी दोन दिवस घेतले. आजाराच्या रकान्यात सगळं लिहिलं: गुडघे, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू, फोनवर कमी ऐकू येणं. काकूने वाचून खाली तिच्या अक्षरात भर घातली: हट्टीपणा, जुना, औषध नाही. मी खोडलं नाही. खरं ते खरं.

शिक्षणापुढे चौथी लिहिलं. व्यवसायापुढे बाइंडर लिहिलं. मग रकाना आला, मुलीशी नातं. आईचे काका म्हणजे काय लिहावं, म्हणून काकूला विचारलं. ती म्हणाली, एवढी पुस्तकं वाचलीत आणि हे विचारता?

पेन नीट पुसून घेतलं. एकाच शब्दाची जागा होती, तरी ठळक लिहिला: आजोबा.

या पावसाळ्यात येतो आहोत. तोवर तिघांनी एकमेकांना जपावं.

तुमचे
आजोबा