दोरी कापली तेव्हा

सोरोया बेट, ऑगस्टअखेर

प्रिय आई,

मी आणि तुझा जावई, आम्ही दोघंही सुखरूप आहोत, हे आधी सांगते. बाबांचा खोकला कसा आहे? बटाटे काढून झाले का?

आयलिफचा होडीवरचा जोडीदार आजारी पडला, म्हणून काल सकाळी हॅलिबट धरायला मीच त्याच्याबरोबर गेले. इथे खडकांमधल्या उथळ पाण्यात हा मासा वाळूवर चपटा पडून असतो. आयलिफने गळाला लावलेला रबरी मासा टाकला आणि थोडा ओढला, तोच काठी वाकली. मासा माणसाएवढा होता गं! लाटा फुटत होत्या त्या खडकाकडेच तो आमची होडी ओढायला लागला.

"सोड त्याला!" मी ओरडले.

"वेडी झालीस का? असा मासा पुन्हा लागायचा नाही!"

खडकावरचं शेवाळ स्पष्ट दिसायला लागलं तेव्हा मी चाकू काढला, दोरी कापली आणि इंजिन सुरू केलं. मागे पाहिलं तर आम्ही होतो तिथेच लाट आदळत होती.

घरी येईपर्यंत आयलिफ माझ्याकडे पाठ करून कापलेली दोरी गुंडाळत राहिला. मला वाटलं, चिडलाय. जेवताना मात्र खाली मान घालून म्हणाला, "सुनिवा, मी दोरी कापलीच नसती. यापुढे रोज तूच चल माझ्याबरोबर."

मी हो म्हटलं. मला पाण्याची किती धास्ती वाटते, हे त्याला माहीत नाही. फोनवर त्याला हे चुकूनही सांगू नकोस.

बाबांना जप, आणि स्वतःलाही.

तुझीच,
सुनिवा