बिटाच्या टोकाचं चाक

कॉटनपेट, बंगळूर
सप्टेंबर १९६७

प्रिय कौशल्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते सुचेना. गेल्या वर्षीपर्यंत सौ. लिहीत होतो. आता जे लिहायची रीत आहे ते गंगाभागीरथी माझ्या हातून उतरत नाही. बांगड्यांचा हौसेनं आवाज करणाऱ्या पोरीला कसलं गंगाभागीरथी! म्हणून नुसतं नाव लिहिलंय, राग मानू नकोस. काल तुझ्या भावाचं, जयसिंगरावाचं पत्र आलं. तू मागच्या खोलीतून बाहेर येत नाहीस, दारात रांगोळी काढत नाहीस, सुतारकामाचा विषय निघाला की उठून जातेस, असं लिहितो. कोलारला येऊन तुला समोर बसवून बोललो असतो, पण मागच्या खेपेला तू सासऱ्यासमोर आलीच नाहीस. मी ओसरीवर कॉफी पिऊन परत आलो. तोंडानं बोलताना मला चटकन राग येतो, तुला ठाऊक आहे. कागदावर स्वल्प कमी येईल.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. सकवारअक्काचे गुडघे दुखतात, तोंड मात्र अजिबात दुखत नाही. थोरली बहीण पडली, ऐकून घेतो. कारखाना संताजी गेल्यापासून बंद आहे. शाळेच्या खुर्च्यांच्या पाठी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्या तशाच आहेत, कडा न उतरवलेल्या. कडा उतरवायच्या मशीनवर, राउटरवर, त्याचं जुनं धोतर टाकलंय. आत गेलो की सागवानाचा वास येतो आणि पोराची आठवण येते. मग कुलूप लावतो आणि उगाच मार्केटपर्यंत चालून येतो.

संताजीनं राउटरचं ते बिट, ते फिरतं पातं, आणलं तो दिवस तुला आठवतो ना? व्हाइटफील्डचा एक आंग्लो-इंडियन म्हातारा ऑस्ट्रेलियाला चालला होता, त्यानं हत्यारं विकायला काढली होती. आपला पठ्ठ्या सायकल मारत गेला आणि बोटाएवढं बिट रुमालात गुंडाळून घेऊन आला, जसं काही हिरा आणलाय! आपल्याकडे राउटर होताच, टेबलाखाली उलटा बसवलेला. पण जुन्या बिटाच्या टोकाला नुसता गुळगुळीत दांडा. तो पात्याबरोबरच गरगरायचा, फळीवर बसवलेल्या नमुन्याला, फर्म्याला घासायचा, कडा जळून काळी व्हायची. ह्या नव्याच्या टोकाला चिमुकलं बेअरिंग होतं. पाती हव्या त्या वेगानं फिरोत, हे चाक फर्म्याला टेकून सावकाश चालणार, आणि फर्मा जसा असेल तशीच खालची फळी उतरणार. त्याच म्हाताऱ्याकडे दुसरंही एक होतं, चाक पात्याच्या वर, दांड्याशी असलेलं. ते संताजीनं घेतलं नाही. आपलं टेबल असं की फर्मा वर आणि फळी खाली, मग चाक टोकालाच पाहिजे, असं त्यानं मला समजावलं. मी सरी, बरं बाबा, म्हटलं. तू दाराशी उभी राहून हसत होतीस, कारण बापाला शिकवताना त्याची छाती फुगली होती.

आणि फर्मा कुणाचा? तुझाच. खुर्चीच्या पाठीची ती वळणदार रेघ आम्हा दोघांना काही केल्या जमेना. तू रांगोळी काढतेस तशी प्लायवूडवर हात न उचलता काढलीस, आणि त्यानं ती कापून घासून फर्मा केला. पातं फळीच्या जाडीहून जरासं लांबच घ्यायचं, म्हणजे कड एका दमात उतरते. आधी करवतीनं रेघेच्या बाहेरून कापून घ्यायचं, राउटरला नुसती साय काढायला ठेवायची. फळी फिरत्या पात्याच्या समोरून द्यायची, मागून दिली तर पातं ती ओढून नेतं. वळणावर नस उलटी लागली तर लाकूड उचकटतं, तिथं जपून. आणि बटण दाबायच्या आधी चाक बोटानं फिरवून बघायचं. हे त्याचं रोजचं होतं, पूजेसारखं.

आता तेच लिहितो ज्यासाठी तू उठून जातेस. जाऊ नकोस, बस. गेल्या आयुधपूजेला तुझा ह्या घरातला पहिला दसरा होता. रंधे, करवती, किकरे सगळी मांडली. टेबलाच्या मधोमध बिटाचं टोक वर आलेलं, लहानशा देवासारखं. तू तेलात कालवलेलं हळदकुंकू त्याच्या माथ्यावर लावलंस, शेवंतीचं फूल ठेवलंस. किती मन लावून! आपल्याकडे पूजेचं कुंकू फडक्यानं पुसत नाहीत, कामानं उडायचं ते उडू दे म्हणतात. माझ्या बापानं पुसलं नाही, मी पुसलं नाही. रंध्याला आणि करवतीला काय फरक पडतो? दुसऱ्या दिवशी संताजीनंही पुसलं नाही. चाकाला बोटही लावलं नाही, कुंकू विस्कटेल म्हणून. बटण दाबलं, फळी लावली. चाक पात्याबरोबरच गरगरलं, फर्म्यात घुसलं, फळी उसळली आणि त्याचा हात आत गेला. दोन बोटं गेली. जखम भरत आली असं वाटत होतं, तोवर धनुर्वातानं दातखीळ बसली. पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस.

अक्का तेव्हा जे बोलली ते मी ऐकलं. हिनं त्या लोखंडाला कुंकू लावलं आणि स्वतःचं घालवून बसली, असं. तू त्याच आठवड्यात माहेरी गेलीस. मी पोराच्या दुःखानं बधिर झालो होतो. तुला कुणी हाकललं नव्हतं, पण थांब असंही कुणी म्हटलं नाही.

जयसिंगरावाचं पत्र वाचलं आणि आज सकाळी कुलूप उघडलं. बिट काढलं, चाक सोडवून रॉकेलच्या वाटीत टाकलं. देवाशपथ सांगतो, मनात म्हणत होतो, काळं निघू दे. लाकडाचा चीक निघू दे, गंज निघू दे. लालच निघालं, कौशल्या. रॉकेल तांबडं झालं. तुला खोटं लिहायचं मनात आलं होतं, पण तू काही दूधखुळी नाहीस, आणि खोट्यावर तू किती दिवस जगशील? म्हणून खरं ते लिहिलं. कुंकवानंच चाक अडलं. ते कुंकू तू आम्हा सगळ्यांच्या रीतीनं लावलंस, त्यानं त्याच रीतीनं राहू दिलं, मी शेजारी हात जोडून उभा होतो. ह्यात कुणाचं पाप शोधू? त्याच्यावर तुझा जीव होता म्हणून तू त्याच्या हत्याराला कुंकू लावलंस, एवढंच मला दिसतं.

चाक धुऊन, वाळवून परत बसवलंय. बोटानं ढकललं की फिरतं. दसरा तोंडावर आहे. अक्का म्हणते, ह्या घरात पूजेला आता सवाष्ण बाहेरून बोलवावी लागणार. मी सांगितलं, कौशल्या करील, नाहीतर पूजा होणार नाही आणि ते धोतर मशीनवरून निघणार नाही. अक्का रुसलीय, रुसू दे. मला मुलगा नाही राहिला, आता मुलगीही कोलारच्या मागच्या खोलीत घालवू का? तू ये. तुझ्या कपाळाचं तू ठरव, माझ्या देखत कुणी एक शब्द बोलणार नाही. मशीनला कुंकू तुझ्याच हातचं. मात्र मशीनच्या अंगाला लाव, चाकाला नको. मग चाक बोटानं फिरवून बघ. फिरलं की मला सांग, तू सांगितल्यावरच मी बटण दाबीन.

तुझाच,
अण्णा
(हंबीरराव)