ओक्बुन मावशींची पाठ

प्रिय आईस, तुझ्या डॉक्टर लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. या कोळशाच्या गावात सगळेच खोकतात, सगळ्यांचीच पाठ दुखते. खानावळीतल्या ओक्बुन मावशीही म्हणायच्या, "डॉक्टरीणबाई, इथली हवाच तशी!" पण त्या कधी खाणीत उतरल्या नव्हत्या, आणि संध्याकाळी त्यांना ताप यायचा. मी हट्टाने एक्स-रे काढायला लावला. मणक्याचा क्षय निघाला. वर्षभर औषध घेऊन काल त्या काठीशिवाय चालत आल्या.

"तुझी आई करते तरी काय गं?" त्यांनी विचारलं.

मी ताठ मानेने सांगितलं, "समुद्रात बुडी मारून शिंपले काढते."

तुझी पाठ बुडी मारताना कमरेला बांधायच्या पट्ट्यातल्या शिशाच्या वजनाने दुखते म्हणतेस. पण धाकटी लिहिते, तू खोकतेसही. पुढच्या बोटीने ये. तुला मीच तपासणार.

तुझीच,
मिसुक