साळूबाईच्या नावाची पाटी

लिहून ठेवणार: रामकिसन नामदेव कासार, वय एकाहत्तर, धंदा भांड्यांवर नावे घालणे, राहणार छावणी, औरंगाबाद, पुरामुळे हल्ली मुक्काम मुलाकडे, गारखेडा.

हे मी राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहितो. डोळ्यांना कमी दिसते, पण डोके व हात शाबूत आहेत. शंका असेल त्याने या कागदावरचे अक्षर पाहावे.

१. मागल्या भाद्रपदात खाम नदी आमच्या गल्लीत शिरली. तेव्हापासून आठ महिने मी व पत्नी साळूबाई गारखेड्यात आहोत. चिरंजीव काकासाहेब व सूनबाईंनी काही कमी पडू दिले नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे वाचून त्यांनी तोंड पाडू नये. छावणीतल्या घराच्या तीन भिंती पुरातून वाचल्या. चौथी मी व शेजारी मजीदभाई कल्हईवाले यांनी मार्चमध्ये उभी केली. गल्लीत नळ आला, पिठाची गिरणी सुरू झाली. तरी काकासाहेब म्हणतो, जागा विकून टाकू. जागा विकायची नाही.

२. छिन्न्या अकरा, हातोड्या दोन. या मजीदभाईंच्या फहमिदाला द्याव्यात. तिला मी शिकवले, आणि तिचे अक्षर माझ्याहून सरळ आहे. शहागंजातल्या बन्सीला एकही देऊ नये. नावे घालायचे मशीन आणल्यावर तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला की म्हाताऱ्याचा हात कापतो. त्याच मशीनने त्याने एका नवरीच्या हंड्यावर नवऱ्याऐवजी सासऱ्याचे नाव घातले होते.

३. आता माझी चूक. पूर ओसरल्यावर गाळातली भांडी शाळेच्या मैदानात रचली. ज्याचे नाव त्याचे भांडे, असे पंचांनी ठरवले. मी ढिगापाशी बसून नावे वाचत होतो, बहुतेक माझ्याच हातची. साळूबाईचा माहेरचा हंडा समोरच होता. त्याचा पोचाही मी ओळखला. पण त्यावर नाव नव्हते. चाळीस वर्षे मी उद्या घालतो म्हणत राहिलो. दुसऱ्या एक बाई तो आपला म्हणून घेऊन गेल्या. त्यांचे नाव मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. साळूबाई एवढेच म्हणाली, "साऱ्या गावाच्या भांड्यावर नावं घातली तुमी. माझाच हंडा कामून राह्यला?" मला लाज वाटली. अजून वाटते.

४. म्हणून माझ्या मागे छावणीतले घर जागेसह एकट्या साळूबाईच्या मालकीचे. ठेवायचे की विकायचे, ते तिने ठरवावे. तिला कोणी जाब विचारू नये. काकासाहेबाला माझी सायकल. गारखेड्याचे घर त्याने स्वतःच्या हिमतीवर बांधले आहे, याचा मला अभिमान आहे.

काल मी तिला विचारले, "तिथे एकटी राहशील?"

"एकटी कशी? गल्ली हाय की सारी. आन् तुमी काय आजच चालले व्हय?"

५. पितळेची पाटी मी करून ठेवली आहे. आजवर बायकांच्या नावापुढे अमक्याची पत्नी, तमक्याची सून असे घालत आलो. या पाटीवर फक्त 'साळूबाई' आहे. येत्या रविवारी आम्ही परत जातो आणि पाटी दाराला मीच ठोकणार. मरेपर्यंत मी त्याच घरात राहीन. तिची परवानगी घेतली आहे.

सही: रामकिसन नामदेव कासार

साक्षीदार:
मजीद इब्राहीम, कल्हईवाले, छावणी
बद्रीनाथ कारभारी, पिठाची गिरणी, छावणी

गारखेडा, औरंगाबाद. १० मे १९८४.

वाचले, कबूल आहे. रविवारी सकाळी सातचा टेम्पो सांगितला आहे. आईसाठी नवा हंडा आणलाय, बाबांनी त्यावर आधी नाव घालावे.
काकासाहेब