टोमॅटो फ्रीजबाहेर ठेवणाऱ्या बाईच्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे (नक्की किती ते थोरल्या बहिणीला ठाऊक होते, ती आता नाही), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. असे सगळेच लिहीत असतील. माझ्या घरात भांडण त्यावरच आहे, म्हणून आधी ते.

माझा थोरला मुलगा सांगत फिरतो की आईला भ्रम झाला. पुरावा काय, तर आई टोमॅटो फ्रीजमधून बाहेर काढते, कोथिंबीर पेल्यात पाणी घालून उभी करते आणि तिला पिशवीची टोपी घालते, केळी दोरीला टांगते, आणि सफरचंदे उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. त्याने मोबाइलवर फोटोसुद्धा काढले. मी वेडी ठरले की मी करीन तो कागद खोटा आणि घर त्याच्या ताब्यात. माझ्या धाकट्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या विधवा सुनेला, त्याने सांगून ठेवले आहे की आईचे काही झाले की मागच्या खोल्या रिकाम्या करायच्या. ती आणि माझी नात चिमणी जाणार कुठे, ते त्याने सांगितले नाही.

आज सकाळी तो स्वतःच डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. बाईंनी वार विचारला, नातीचे वय विचारले, मी दोन्ही सांगितले. मग हा त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि एकेक वस्तू दाखवू लागला, चोरीचा माल सापडल्यासारखी.

बाई म्हणाल्या, “आजी, सफरचंदं एवढी लांब का?”

म्हटलं, “त्यांच्याशेजारी पालेभाजी पिवळी पडते. दिसायला चांगली असतात हो, पण बाजूच्याला टिकू देत नाहीत.” थोरल्याकडे मी मुद्दाम बघितले नाही.

मग त्यांनी हळूच विचारले, “माझ्या घरची कोथिंबीर काळी का पडते हो?” धुऊन ठेवता ना, म्हटलं. हो म्हणाल्या. मग पडणारच. ओली ठेवू नये, लागेल तेव्हा धुवावी. त्या हसल्या आणि तिथेच, ओट्यावर कागद ठेवून, मी शुद्धीत असल्याचे लिहून दिले. थोरला म्हणाला, हे चालणार नाही, मी दुसरा डॉक्टर आणतो, आणि बाईंना इथेच सोडून गाडी घेऊन गेला. मला आनंद झाला आहे, पण घाईही आहे. धाकटी सून खिडकीशी उभी आहे. गाडी दिसायच्या आत हे संपवायचे.

एक. पुढच्या दोन खोल्या थोरल्याच्या. मागच्या दोन, स्वयंपाकघर आणि कोठीची खोली धाकट्या सुनेची, तिच्यामागे चिमणीची. मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी लावावी. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले की दोन्ही चांगले असूनही लवकर खराब होतात. माझे यजमान हातगाडीवर भाजी विकायचे, उरलेली मी टिकवायची. तेव्हापासून टोपल्या वेगळ्या. माणसांच्या करायला मात्र उशीर केला.

दोन. जाळीच्या टोपल्या, गोणपाटे, पालेभाजी गुंडाळायची सुती फडकी धाकटीला. फडकी कोरडी असावीत, हे तिला सांगावे लागत नाही. फ्रीज थोरल्याला, कारण त्याचा विश्वास फ्रीजवरच आहे. त्यात बटाटे ठेवू नयेत, गोडसर होतात. रागावले तरी आई आहे, सांगणारच.

तीन. कोपऱ्यावरचा फळवाला वर ताजी आणि खाली नासकी घालतो. त्याला मी काही ठेवत नाही, माफीसुद्धा.

चार. हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही. मागच्या तापात मला जाग आली तेव्हा थोरला उशाशी होता आणि माझ्या डाव्या अंगठ्याला शाई होती. म्हटलं, “हे काय रे?” तर म्हणाला, “औषध लावलंय, झोप.” औषध निळे नसते. कुठल्या कागदावर अंगठा घेतला मला माहीत नाही. मी दुसरीपर्यंत शिकले, मला लिहिता येते, पण चष्मा शोधायच्या कंटाळ्याने जन्मभर सगळीकडे अंगठाच देत आले. त्याला वाटते, आईला सही येत नाही.

धाकटी म्हणते गाडी वळली.

म्हणून शेवटचे. या घराबद्दल माझ्या अंगठ्याचा कुठलाही कागद, आधीचा किंवा नंतरचा, कोणीही आणला तरी तो मी दिलेला नाही. माझा कागद हा एकच, आणि यावर मी सही करते. अक्षर वाकडे आहे, पण माझे आहे.

सही: घराची मालकीण (चष्मा लावून, स्वतःच्या हाताने)

साक्षीदार, माझ्या आणि एकमेकींच्या समोर:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरची शिंपीणबाई, ब्लाउजचे माप घ्यायला बोलावले म्हणून आलेली (सही)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यावर आहे तीच. दोन्ही कागद शिंपीणबाई मागच्या दाराने घेऊन गेल्या की मी पुढचे दार उघडीन.