दोनदा दाबायचे बटण

कुसामो, ९ मार्च

प्रिय राइमो,

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. डाव्या हाताचे अक्षर लावायला वेळ लागला, पण शेवटपर्यंत वाचले. इकडे सर्व ठीक. थंडी आता उणे अठराच्या खाली जात नाही. गरुडांची छायाचित्रे घ्यायला बसतो त्या दोन्ही लपणांच्या छपरांवरचा बर्फ कालच काढला. तू ठोकलेली एकही फळी हललेली नाही.

तू क्षमा मागितली आहेस. वॉकीटॉकी कोटाच्या आत न ठेवता फळीवर ठेवली, बॅटरी गारठून बंद पडली, म्हणून तुझा निरोप मला पोहोचला नाही, असे तू लिहितोस. पुढच्या हिवाळ्यात लपणात पुन्हा बसू देशील का, असेही विचारतोस. दोन्हींचे उत्तर देणे आवश्यक आहे.

प्रथम त्या दिवशीच्या छायाचित्राविषयी. ते हेलसिंकीच्या प्रदर्शनासाठी निवडले गेले. मेलेल्या कोल्ह्यावरून झुंजणारे दोन सोनेरी गरुड. वरच्याची नखे खालच्याच्या छातीत, आणि भोवती हिमकणांचा धुरळा. उणे चौतीस. अशा एका क्षणासाठी मी सत्तावीस हिवाळे बसलो आहे.

आपला नियम तू जाणतोस. उजाडण्यापूर्वी आत, अंधार पडल्यावर बाहेर. लपणातून निघणारा माणूस दिसला की गरुड फिरकत नाही. गेल्या वर्षी तू लघवीसाठी भर दुपारी दार उघडलेस आणि अकरा दिवस आभाळ रिकामे राहिले. तेव्हापासून मी तुला चारचौघांत विचारायचो, "काय राइमो, आज तरी घरूनच मोकळा होऊन आलास ना?" सगळे हसत. तूही हसायचास. म्हणूनच त्या दिवशी शेगडी विझल्यावर तू दार उघडले नाहीस. शेजारच्या लपणातून माझी परवानगी मागितलीस.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या इअरफोनमध्ये: "इल्का, शेगडी विझली रे. बाहेर पडू का?"

होय, राइमो. बॅटरी चालू होती.

अकरा वीसला: "हातमोजा काढून पेटवून बघितली. बोटं कळेनाशी झालीत. ऐकतोयस ना?" बाराला तू फक्त माझे नाव घेतलेस.

बोललो असतो तर बारा मीटरवरचा गरुड उडाला असता, हे खरे. परंतु बोलण्याची आवश्यकताच नव्हती. 'बाहेर ये' यासाठी बटण दोनदा दाबायचे, हे आपणच ठरवले होते. त्याची टकटक केवळ तुझ्याकडे वाजली असती. माझा अंगठा बटणावर होता. दुसरा गरुड झाडावरून खाली झेपावू पाहत होता, आणि तू दार उघडले असतेस तर दोन्ही गेले असते. मी आवाज पूर्ण बंद केला आणि हात कॅमेऱ्यावर नेला. झुंज एक वाजून दहा मिनिटांनी झाली. त्यानंतरही मी अंधार पडेपर्यंत थांबलो, खालचा गरुड परततो का ते पाहायला.

इस्पितळात सिर्का तुझ्यावर ओरडली, "बॅटरी काखेत ठेवायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं! चार बोटं घालवलीस. आता रंधा काय पायानं मारणार आहेस?" तू मान खाली घातलीस. मी मेहुण्याची बाजू घेतल्यासारखे करून माझ्या बहिणीला म्हणालो, "जाऊ दे गं, होते चूक माणसाकडून." त्यावर तू माझ्याकडे ज्या कृतज्ञतेने पाहिलेस, ती मी स्वीकारली. घरी जाऊन जेवलोही.

पुन्हा बसू का, असे विचारतोस. बसू नकोस. तोच प्रकाश आणि तसेच दोन गरुड समोर आले, तर मी काय करीन हे मला माहीत आहे.

हे पत्र सिर्काला वाचून दाखव. तिने तुझी क्षमा मागणे उचित होईल. मी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती घेऊन मी दुसऱ्या दिवशी पहाटे लपणात जाऊन बसेन.

तुझे तिन्ही निरोप ऐकलेला,
इल्का