बंगळूरचं औषध

वरकुटे, ता. इंदापूर
२० नोव्हेंबर १९९४

चि. रश्मीस,

आबाचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि. इकडे सर्व ठीक. ज्वारी गुडघ्याला लागली. कालव्याला पाणी सुटलंय, पण माझ्या जागी आलेला नवा पाटकरी दुपारी ताणून देतो आणि शेतांकडं पाणी नेणारी चारी फुटली की डोळे चोळत उठतो. मला राहवत नाही, सायकल काढून एक चक्कर मारून येतोच. तुझी आई म्हणते, सरकारनं ह्यांना सोडलं, ह्यांनी काही सरकारला सोडलं नाही.

पत्रास कारण शेजारचा म्हस्कू. मेंढरं कोंडता कोंडता जागीच बसला. लकवा. एक अंग पार गेलं. काल द्वारकाबाई आली आणि ओट्यावर बसून म्हणाली की आमच्या धन्याला रश्मीचं औषध मिळंल का. तिला कुणी सांगितलं विचारू नकोस. मीच सांगितलं, आणि तिलाच काय, बारामतीच्या बाजारापर्यंत सांगितलं. सुट्टीत आलीस तेव्हा तूच समजावलंस ना, की लकव्यात मेंदूत एक रस फुटल्या पाटासारखा सुटतो, पेशींची दारं उघडी पडतात न् त्या बुडून मरतात, आणि तुझ्याकडचं औषध ती दारं बंद करतं? जन्मभर कालव्याची दारंच उघडली-लावली मी. मला नाही कळणार तर कुणाला? लेक बापाच्याच खात्यात लागली असं मी सांगतो.

तरी एक बाटली धाडून दे. मी शब्द देऊन बसलोय. उंदरांच्या नादात स्वतः उपाशी राहू नकोस. आमची माया आहेच, तुझी खुशाली तेवढी येत राहू दे.

तुझा,
साहेबराव आबा


बंगळूर
२८ नोव्हेंबर १९९४

ती. आबा व आईस,

रश्मीचा सविनय जयभीम. आबा, तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले.

ते औषध नाही, प्रयोगशाळेतलं रसायन आहे. नाव डायझोसिल्पिन. माणसाला द्यायचं नाही असं बाटलीवरच छापलंय. उंदराला अगदी वेळेत दिलं तर त्याचा मेंदू पुष्कळ वाचतो, हे मी सांगितलं ते खरंच आहे. पण ती दारं निसर्गानं उगीच बसवलेली नाहीत. शिकणं, आठवणं, भानावर राहणं, सगळं त्यांच्यातूनच चालतं. सगळी दारं एकदम लावली तर शेवटच्या गावांचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं का? उंदीर मान हलवत गोल गोल फिरत राहतो. ज्या मेंदूला वाचवायचं त्यातच पुढे सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बारीक पोकळ्या दिसतात. परदेशात अशी रसायनं माणसांना देऊन पाहिली, तर त्यांना नसलेलं दिसायला लागलं.

म्हस्कूमामांना बारामतीला दवाखान्यात न्यायला सांगा, हातपाय रोज हलवून घ्यायला सांगा. आणि द्वारकामामींना आजच खरं काय ते सांगा. तुम्ही शब्द दिलात, तो तुमच्याच तोंडून मागे घेतला तर त्या मानतील. बाजारातली माझी जाहिरातही आता पुरे. जीव लावता तसाच लावा, फक्त थोडं हळू आवाजात.

तुमची,
रश्मी


बारामती
७ डिसेंबर १९९४

चि. रश्मीस,

संघपालदादाचा सप्रेम जयभीम. तार मिळाली असेल. सोमवारी सकाळी आबा चारीच्या कडेला सायकलवरून पडले. लोकांना वाटलं, पाय घसरला. घरी आणून चहा दिला तर तो ओठांतून गळाला. जीप मिळून इथं आणेपर्यंत दुपार झाली. उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय. डॉक्टर म्हणतात, आता जेवढं परत येईल तेवढं आपलं. तुझं पत्र त्याच दिवशी पोस्टमननं दिलं. ते मी वाचलं, आबांनी नाही. द्वारकामामींना काही सांगायचं राहूनच गेलं.

मी कंपनीत यंत्रावर उभा राहणारा माणूस, मला तुझ्या कामातलं काही कळत नाही. पण ते तुझ्या कपाटात आहे ना? धोका आहे म्हणतेस. अगं, आता आणखी काय जायचं राहिलंय? उंदराला देतेस आणि बापाला नाही? येताना घेऊनच ये. हातापाया पडतो. आई तुझ्याच नावाचा जप करतेय.

लहान बहीण म्हणून रागावलो, मनात धरू नकोस.

तुझा दादा,
संघपाल


बंगळूर
१० डिसेंबर १९९४

ती. दादास,

सविनय जयभीम. बुधवारच्या गाडीचं तिकीट मिळालं, दौंडला उतरेन. हे पत्र पुढं धाडतेय, कारण स्टेशनावर तू माझ्या पिशवीकडे बघू नयेस. मी रिकाम्या हातानं येतेय.

बाटली समोरच्या फ्रीजमध्ये आहे. तुझं पत्र आल्यापासून मी तो फ्रीज कितीदा उघडला, विचारू नकोस. पण दादा, उंदराला झटका कधी येणार हे मला ठाऊक असतं, कारण तो मीच आणते. सुई भरून बसलेली असते. आबांच्या वेळी अशी सुई भरून कोण बसलं होतं? रान बुडाल्यावर दार लावून पीक उभं राहत नाही. आता ते दिलं तर गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जाईल. एवढं शिकले, आणि बापाला काय देऊ नये एवढंच मला कळतं. याची मला फार लाज वाटते.

आईला तू समजाव. मला जमणार नाही. तुझा राग चालेल, पण मला घ्यायला स्टेशनावर नक्की ये.

तुझी,
रश्मी


वरकुटे
१९ फेब्रुवारी १९९५

चि. रश्मीस,

दादाचा सप्रेम जयभीम. तू परत गेल्यापासून तुझ्या सांगण्याप्रमाणे आबांचा हात-पाय रोज चोळून हलवतो. चांगली बातमी म्हणजे आबा काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. आणि एक शब्द फुटलाय. व्हय. दुसरा काही येत नाही. चहा हवा असला तरी व्हय आणि नको असला तरी व्हय. मान मात्र बरोबर हलवतात. आपण मानेकडे बघायचं, हे घरात सगळ्यांना सवयीचं झालंय.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं, द्वारकामामींना खरं सांगा म्हणालेलीस ते. बराच वेळ माझा हात धरून बसले. इथं असताना तू स्वतः मामींकडे गेलीस, औषध नाही म्हणून सांगितलंस, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण तू आलीस, गेलीस आणि आबा चालायला लागले, एवढंच गावानं पाहिलं. म्हस्कूमामा अजून अंथरुणातच आहेत.

काल मामी आल्या. मला, आईला काही विचारलं नाही. सरळ आबांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, आबा, तुमी कधी खोटं बोलला न्हाईसा, पाण्याच्या पाळीतबी कधी कुणाचं मारलं न्हाय, तर तुमीच सांगा, रश्मीनं औषध आणलं हुतं का?

आबांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. आणि तोंडातून आलं, व्हय. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं. हात काढला, पुन्हा जीव तोडून बोलायला गेले, पुन्हा व्हय, व्हय. डोळ्यांतून धारा लागल्या. मी मध्ये पडलो, मामी, त्यांना तेवढंच बोलता येतं म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की पोरीनं आधी बापाला दिलं, त्यात वावगं काय न्हाय.

जाताना पदराखालून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढून कोनाड्यात ठेवून गेल्या. उरलं असंल तर थेंबभर घाला, म्हणाल्या. राखेनं घासून, उन्हात वाळवून आणलीय. आबा सकाळपासून तिच्याकडे पाठ करून बसलेत.

ती बाटली मी त्यांना परत कशी करू, तेवढं कळव. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
संघपाल